शिवाराच्या हवामानाची वही: पाऊस, थंडी आणि वारा स्वतः कसे मोजावेत

एखाद्या भागाचा 'सरासरी पाऊस' म्हणून जो आकडा छापून येतो, तो त्या भागातल्या कुठल्याच शेतात नेमका पडलेला नसतो. ढग सगळीकडे सारखे बरसत नाहीत. अमेरिकेतल्या फोर्ट कॉलिन्स या गावात जुलै १९९७मध्ये एकाच पावसात गावाच्या नैर्ऋत्येला ३५० मिलिमीटरहून जास्त पाणी पडले, आणि त्याच गावाच्या पूर्वेला ५० मिलिमीटरही पडले नाही. मधले अंतर काही किलोमीटरचे होते. घराघरात पर्जन्यमापक ठेवून पाऊस मोजणाऱ्या स्वयंसेवकांची मोठी चळवळ तिथे पुढच्याच वर्षी सुरू झाली.

उपग्रह आणि संगणकी प्रारूपांवरून तयार होणारी आकडेवारी आज फुकट मिळते, आणि ती वापरावीच. तिची मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी. युरोपीय हवामान केंद्राच्या 'ईआरए-५' या संचात १९४०पासूनचे तासातासाचे आकडे आहेत, पण त्याचा एक चौकोन सुमारे ३१ किलोमीटरचा असतो. तुमची टेकडी, तिच्या वाऱ्याकडची ओली बाजू आणि मागची कोरडी बाजू हे सगळे त्या एका चौकोनात विरघळून जाते. पेरणी कधी करायची, दहिवर (गोठलेले दव) कुठे पडेल, पाणी किती दिवस पुरेल हे ठरवायला आपल्याच जमिनीवर, एकाच पद्धतीने, रोज ठरलेल्या वेळी घेतलेली नोंद लागते. त्यासाठी महाग उपकरणे लागत नाहीत, सातत्य लागते.

पर्जन्यमापक

सुरुवात इथूनच करावी. बाकी काही जमले नाही तरी पाऊस मोजाच.

पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात, कारण ती पाण्याची उंची आहे. पाणी वाहून गेले नाही, मुरले नाही, उडाले नाही, तर सपाट जमिनीवर ते किती उंच साठले असते, एवढाच त्याचा अर्थ. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर म्हणजे बरोबर १ लिटर. एका हेक्टरवर १० हजार लिटर, एकरावर सुमारे ४,०५० लिटर. हे गणित तोंडपाठ असले की शेततळे, छतावरचे पाणी आणि विहिरीचा उपसा यांचे हिशेब वहीतूनच निघतात.

विकतचा पर्जन्यमापक घेणार असाल तर तोंडाचे क्षेत्रफळ १०० किंवा २०० चौरस सेंटिमीटर असलेला, सोबत त्याचेच मोजपात्र असलेला घ्या. एकाचे मोजपात्र दुसऱ्याला चालत नाही. बहुतेक चुका इथेच होतात, आणि आकडे दुप्पट किंवा निम्मे येत राहतात. बागेत टोचायच्या बोटभर रुंदीच्या नळ्या टाळा. तोंड इतके लहान असले की काठाला लागलेले थेंबही आकडा हलवतात.

घरी करायचा असेल तर असा करा. ताठ काठाचे, अजिबात न वाकणारे नरसाळे घ्या. आतल्या काठापासून आतल्या काठापर्यंत व्यास दोन-तीन ठिकाणी मोजा. व्यास ११.३ सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर भरते, आणि बाटलीत जमलेले दर १० मिलिलिटर पाणी म्हणजे १ मिलिमीटर पाऊस. व्यास १६ सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ जवळपास २०० भरते, म्हणजे दर २० मिलिलिटरला १ मिलिमीटर. दुसरा कोणताही व्यास असेल तर त्रिज्येचा वर्ग करून ३.१४ने गुणा. आलेल्या क्षेत्रफळाला १०ने भागले की १ मिलिमीटरला किती मिलिलिटर ते कळते. व्यास काळजीने मोजा: ११.३ सेंटिमीटरच्या तोंडात २ मिलिमीटरची चूक झाली, तर पावसाच्या प्रत्येक आकड्यात साडेतीन टक्क्यांची चूक कायमची शिरते.

नरसाळ्याखाली अरुंद तोंडाची बाटली ठेवा आणि ती बाटली एका उभ्या पाइपच्या तुकड्यात किंवा डब्यात बसवा. डब्याचे तीन फायदे आहेत. बाटली वाऱ्याने पडत नाही, तिच्यावर ऊन येत नाही म्हणून पाणी उडत नाही, आणि बाटली भरून वाहिली तरी ते पाणी डब्यात सापडते. १०० चौरस सेंटिमीटरच्या तोंडाला २ लिटरची बाटली २०० मिलिमीटरपर्यंत पुरते. २०० चौरस सेंटिमीटरच्या तोंडाला तीच बाटली १०० मिलिमीटरलाच भरते. मुसळधार पावसाचा भाग असेल तर हे आधीच पाहून घ्या, कारण ज्या दिवशी बाटली ओसंडते तोच दिवस नोंदीसाठी सर्वांत मोलाचा असतो.

आणखी एक. बाटलीतले पाणी पट्टीने मोजू नका. तळ आणि तोंड यांची रुंदी वेगळी असली की पट्टीवरची उंची निरर्थक ठरते. पाणी मिलिलिटरच्या खुणा असलेल्या उभट मोजपात्रात ओता, पात्र सपाट जागी ठेवा, डोळे पाण्याच्या पातळीला आणा आणि पाण्याचा वाकलेला पृष्ठभाग मध्यभागी जिथे सर्वांत खाली असेल तिथला आकडा वाचा.

जागा हा उपकरणापेक्षा मोठा प्रश्न आहे. पर्जन्यमापकाचा काठ जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर, अगदी आडव्या पातळीत हवा. पाणसळ लावून बघा आणि पावसाळ्याआधी पुन्हा तपासा, कारण भिजलेल्या मातीत खुंटी कलते. आजूबाजूच्या प्रत्येक अडथळ्यापासूनचे अंतर त्याच्या उंचीच्या निदान दुप्पट, शक्य असेल तर चौपट ठेवा: २ मीटरच्या भिंतीपासून निदान ४ मीटर, १० मीटरच्या झाडापासून निदान २०. झाडे वाढतात, म्हणून हे अंतर दरवर्षी नव्याने बघावे लागते. खाली फरशी किंवा दगड नको. त्यावरून उडालेले थेंब आत जातात. आखूड गवत उत्तम.

गच्चीवर किंवा छपरावर पर्जन्यमापक कधीही ठेवू नका. जागा मोकळी दिसते म्हणून तो मोह होतो, पण उंचीवर वारा जास्त असतो आणि तोंडावरून वळसा घेणारा वारा थेंबांना बाजूला ढकलतो. पाऊस जितका बारीक आणि वारा जितका जोराचा, तितका आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो.

वाचनाची वेळ एकच ठेवा. भारतात हवामान खात्याचे दैनंदिन पावसाचे वाचन सकाळी साडेआठला होते आणि आधीच्या २४ तासांचा पाऊस वाचनाच्या दिवसाच्या नावावर लिहिला जातो. हीच पद्धत धरली तर तुमचे आकडे जवळच्या सरकारी केंद्राशी थेट ताडून पाहता येतात. दुसरी वेळ सोयीची असेल तर तीही चालेल, पण मग ती बदलायची नाही आणि वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवायची.

उन्हाळ्यात दुपारी वळवाची एक सर येऊन जाते आणि सकाळपर्यंत बाटलीतले थोडे पाणी उडते. अशा वेळी सर थांबल्यावर लगेच मोजा, आकडा वेळेसह शेऱ्यात लिहा, पाणी ओतून टाका आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या वाचनात तो मिळवा. फार जोराच्या पावसात मधेच बाटली रिकामी करायची झाली तरी हाच नियम. पावसाची सुरुवात आणि शेवट जमेल तेव्हा टिपा. ४० मिलिमीटर पाऊस तासाभरात पडला की रात्रभर रिपरिपत पडला, यावर किती मुरला आणि किती माती घेऊन गेला हे ठरते.

थेंब पडले पण मोजता येण्याइतके नव्हते, तर 'लेश' लिहा. पाऊस पडलाच नाही तर ०. वाचन घेतलेच नाही तर आडवी रेघ. रेघेच्या जागी शून्य लिहिणे ही सर्वांत घातक चूक, कारण दहा वर्षांनी ते शून्य खोटे आहे हे कोणालाही ओळखता येत नाही. चार दिवस घराबाहेर होता आणि बाटलीत ६२ मिलिमीटर सापडले, तर चौथ्या दिवशी '६२ (४ दिवसांचा)' असे लिहा. अंदाजाने चार दिवसांत वाटून टाकू नका.

स्वयंचलित पर्जन्यमापक सोयीचा आहे, तासातासाचा पाऊस देतो. त्यात छोटा दुहेरी पेला भरला की कलंडतो आणि दर कलंडण्याला ठरावीक पाऊस, बहुधा ०.२ मिलिमीटर, मोजला जातो. पेला कलंडत असताना वरून येणारे पाणी हुकते, म्हणून मुसळधार पावसात तो कमी दाखवतो. कोळ्याचे जाळे, मुंग्या, बी किंवा पान अडकले की सरळ शून्य दाखवत बसतो. शेजारी साधा पर्जन्यमापक असेल तरच हे लक्षात येते.

बर्फ पडणाऱ्या भागात हिवाळ्यात नरसाळे काढून ठेवतात. डब्यात जमलेल्या बर्फावर मोजलेले कोमट पाणी ओतायचे, बर्फ वितळला की एकूण मोजायचे आणि ओतलेले वजा करायचे. ताज्या बर्फाचे १० सेंटिमीटर म्हणजे १० मिलिमीटर पाणी हा ढोबळ अंदाज आहे. भुसभुशीत आणि ओल्या बर्फात फार फरक पडतो, म्हणून वितळवूनच मोजावे.

तापमान आणि थंडीचे खड्डे

भिंतीवर टांगलेला तापमापक भिंतीचे तापमान सांगतो. हवेचे तापमान हवे असेल तर उपकरण सावलीत, वाऱ्याला मोकळे, जमिनीपासून १.२५ ते २ मीटर उंचीवर आणि गवताळ जागेवर हवे. त्यासाठी थॉमस स्टीव्हन्सन या दीपगृहांच्या अभियंत्याने एकोणिसाव्या शतकात मांडलेली पांढरी, झडपांच्या भिंतींची लाकडी पेटी आजही जगभर वापरतात. झडपा दुहेरी, छतही दुहेरी, रंग चकचकीत पांढरा, आणि उत्तर गोलार्धात दार उत्तरेला, म्हणजे वाचताना ऊन आत शिरत नाही. पेटी करणे शक्य नसेल तर पांढऱ्या प्लास्टिकच्या उथळ ताटल्या मधे फट ठेवून एकावर एक रचून केलेले कवचही चालते. रंग मळला की दुपारचे आकडे चढू लागतात, म्हणून दरवर्षी धुणे किंवा रंगवणे आलेच.

कमाल आणि किमान दोन्ही धरून ठेवणारा तापमापक घ्या. सकाळी वाचताना किमान आकडा आजच्या तारखेला लिहा आणि कमाल कालच्या तारखेला, कारण कमाल तापमान काल दुपारीच होऊन गेलेले असते. वाचल्यावर खुणा पूर्ववत करायला विसरू नका. दोन दिवस हुबेहूब तेच आकडे आले तर तेच विसरले आहे असे समजा.

तपासणी वर्षातून एकदा. स्वच्छ पाण्याचा बर्फ बारीक कुटा, फटी भरतील इतकेच थंड पाणी घाला, ढवळा आणि तापमापकाचे टोक त्यात १० मिनिटे ठेवा. आकडा ० यायला हवा. ०.७ आला तर उपकरण त्या टोकाला ०.७ने जास्त दाखवते. ते वहीत लिहा. जुने आकडे खोडू नका. डिजिटल उपकरणाचा फक्त संवेदक बुडवा, तोही पाणबंद असेल तरच.

आता खरी कामाची गोष्ट. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आकाशाकडे उष्णता टाकते, तिला लागून असलेली हवा थंड आणि जड होते आणि उताराने खाली वाहते. ओढ्याकाठची सखल जागा, बांधाच्या वरची बाजू, दाट कुंपणाने अडवलेला कोपरा या ठिकाणी ती साचते. एरवी उंचीबरोबर हवा थंड होत जाते, सरासरीने किलोमीटरला साडेसहा अंश. अशा रात्री हे उलटते आणि टेकडीचा मधला उतार खालच्या खोलगटापेक्षा उबदार राहतो. शिवाय पेटीतला तापमापक ३ किंवा ४ अंश दाखवत असतानाही गवताच्या पात्यावर तापमान शून्याखाली जाऊ शकते. 'किमान ४ अंश' ऐकून निर्धास्त झोपणाऱ्याची भाजी सकाळी काळी पडते ती यामुळे.

शिवारातले हे खड्डे शोधायला तीन-चार स्वस्त किमान-तापमापक पुरतात. आधी सगळे एका रात्री एकाच जागी शेजारी शेजारी ठेवा आणि त्यांच्या आकड्यांतला फरक टिपा. तो पुढे वजा करायचा आहे. मग एक माथ्यावर, एक मधल्या उतारावर, एक सखल भागात आणि एक घराजवळ, सारख्याच उंचीवर लावा. निरभ्र आणि शांत अशा आठ-दहा रात्रींचे आकडे पुरेत. ढगाळ किंवा वाऱ्याच्या रात्री फरक जवळजवळ मिटतो, त्या रात्री हिशेबात धरू नका. एकदा फरक कळला की अंदाजातल्या किमान तापमानातून तो वजा करून आपल्या सखल शेताचा आकडा काढता येतो. हवा अडवणाऱ्या कुंपणाला खालच्या अंगाला वाट करून दिली की साचलेली थंडी पुढे सरकते. थंडीच्या रात्रीआधी जमीन ओली ठेवावी, कारण ओली, दबलेली माती दिवसाची उष्णता जास्त साठवते. नुकतीच भुसभुशीत केलेली किंवा वाळल्या पालापाचोळ्याने झाकलेली जमीन पृष्ठभागावर जास्त थंड होते.

वारा, ओलावा, विजा

वाऱ्याला उपकरण नसले तरी चालते. फ्रान्सिस बोफर्ट या नौदल अधिकाऱ्याने १८०५मध्ये आखलेली श्रेणी जमिनीवरच्या खुणांवरून वापरता येते. धूर सरळ वर जातो तो ०. पाने सळसळतात तो २, ताशी ६ ते ११ किलोमीटर. पाने आणि बारीक डहाळ्या सतत हलतात तो ३. धूळ आणि कागद उडतात तो ४, ताशी २० ते २८. लहान झाडे डोलतात तो ५, मोठ्या फांद्या हलतात तो ६, आणि डहाळ्या मोडू लागल्या की ८, म्हणजे ताशी ६२च्या पुढे. दिशा लिहिताना वारा जिकडून येतो ती लिहायची. फवारणी करणाऱ्याने एक लक्षात ठेवावे: पहाटेची पूर्ण शांत हवा फवारणीला सोयीची वाटते, पण उलट्या तापमानाच्या थरात बारीक थेंब खाली न बसता आडवे दूरवर तरंगत जातात.

आर्द्रतेसाठी दोन सारखे तापमापक घ्या. एकाच्या टोकाला मलमलीची वात गुंडाळून ती शुद्ध पाण्यात सोडा. कोरडा ३० आणि ओला २५ दाखवत असेल तर सापेक्ष आर्द्रता सुमारे ६५ टक्के. दोघांतला फरक जितका कमी तितकी हवा दमट. वात क्षाराने कडक झाली की फरक कमी दिसतो आणि हवा आहे त्याहून ओली वाटते, म्हणून वात बदलत राहावी.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून ३ने भागले की अंतर किलोमीटरमध्ये मिळते. ३० सेकंदांच्या आत गडगडाट आला तर सगळे मोजमाप सोडून पक्क्या इमारतीत जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. गारा पडल्या तर नंतर सर्वांत मोठ्या चार-पाच गारांचा व्यास मोजा, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, वेळ आणि किती मिनिटे पडल्या ते लिहा. नुकसानीच्या पंचनाम्यात ही नोंद कामी येते.

वहीतून ऋतूंचा तक्ता

रोजची ओळ आखूड असावी, नाहीतर ती बंद पडते. तारीख, पाऊस, कालचे कमाल, आजचे किमान, वाऱ्याची दिशा आणि श्रेणी, शेरा. शेऱ्यात दव, धुके, दहिवर, गारा, विजा आणि निसर्गातल्या ठरावीक खुणाही लिहा: अमुक झाडाला पहिला मोहोर, अमुक पक्षी पहिल्यांदा दिसला. इंग्लंडच्या नॉरफक परगण्यात रॉबर्ट मार्शम यांनी १७३६मध्ये अशा नोंदी सुरू केल्या आणि त्यांच्या घराण्याने त्या १९५८पर्यंत चालवल्या. वसंत किती लवकर सरकतो हे तपासताना संशोधक आजही त्या वापरतात. अट एकच: दरवर्षी तेच झाड.

महिन्यांच्या बेरजा शेतीला फार मोठ्या पडतात. भारतात कृषी हवामानात वर्षाचे ५२ आठवडे धरतात, पहिला आठवडा १ ते ७ जानेवारी. त्या आठवड्यांप्रमाणे पाऊस मांडला की खंड लगेच दिसतो. भारतीय हवामान खाते २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झालेल्या दिवसाला पावसाचा दिवस मानते, ६४.५पासून पुढे जोरदार, ११५.६पासून अति जोरदार. एकूण पावसाइतकेच पावसाचे दिवस आणि सर्वांत लांब कोरडा खंड हे दोन आकडे महत्त्वाचे. ७०० मिलिमीटर ४५ दिवसांत पडले ते वर्ष आणि १८ दिवसांत पडले ते वर्ष सारखे नसते.

सरासरीवर विसंबू नका. एका वर्षीच्या अतिवृष्टीने ती फुगते. त्याऐवजी 'खात्रीचा पाऊस' काढा. एखाद्या आठवड्याचे १५ वर्षांचे आकडे मोठ्यापासून लहानापर्यंत मांडा आणि बारावा आकडा घ्या. १२ला १६ने भागले की ७५ टक्के, म्हणजे चारपैकी तीन वर्षांत निदान तेवढा पाऊस होतो. ११ वर्षे असतील तर नववा आकडा, १९ असतील तर पंधरावा. पिकाचे आणि पाण्याचे नियोजन या आकड्यावर करावे. हवामानशास्त्रात ३० वर्षांची सरासरी प्रमाण मानतात, सध्या १९९१ ते २०२०. पण पाच वर्षांची वहीसुद्धा जवळच्या जुन्या केंद्राशी ताडली की आपण त्याच्यापेक्षा नेहमी ओले की कोरडे हे सांगू लागते.

पाऊस कधी 'लागला' यासाठी एक नियम ठरवा आणि तो सगळ्या वर्षांना सारखाच लावा. उदाहरणार्थ, सलग ३ दिवसांत २० मिलिमीटर, आणि त्यानंतरच्या ३० दिवसांत ७ दिवसांपेक्षा लांब खंड नाही. पहिली अट पुरी झाली पण दुसरी मोडली, ती वर्षे वेगळी मोजा. फसव्या सुरुवातीची वर्षे किती हे तिथे कळते, आणि दुबार पेरणीचा धोकाही.

पावसाच्या बाजूला जमिनीतून आणि पिकातून उडणारे पाणी मांडले की तक्ता पूर्ण होतो. कमाल-किमान तापमान असेल तर ते हारग्रीव्ह्ज सूत्राने काढता येते: ०.००२३ गुणिले (सरासरी तापमान अधिक १७.८) गुणिले कमाल-किमान फरकाचे वर्गमूळ गुणिले वातावरणाच्या माथ्यावर येणारी सौर ऊर्जा, मिलिमीटरमध्ये, म्हणजे ती दिवसाला किती मिलिमीटर पाणी उडवू शकेल त्या हिशेबाने. शेवटचा आकडा अक्षांश आणि महिन्यानुसार तयार कोष्टकात मिळतो. कमाल ३४, किमान २० आणि ऊर्जा १५ धरली तर उत्तर दिवसाला सुमारे ५.८ मिलिमीटर. आठवड्याचे साधारण ४०. ज्या आठवड्यापासून पाऊस या मागणीच्या निम्म्याहून जास्त होतो तिथे ओलीचा हंगाम सुरू होतो, आणि निम्म्याखाली उतरला की संपत येतो. पुढे मातीत साठलेल्या ओलीवर किती दिवस निघतील हे मातीच्या खोलीवर अवलंबून.

उपकरण किंवा जागा बदलावी लागली तर जुने लगेच काढू नका. दोन्ही शेजारी किंवा दोन्ही जागी निदान एक वर्ष चालवा आणि प्रत्येक ऋतूतला फरक वेगळा काढा, कारण पावसाळ्यातला आणि हिवाळ्यातला फरक सारखा नसतो. बदलाची तारीख, नवी जागा आणि जवळच्या अडथळ्यांची अंतरे दाखवणारा छोटा नकाशा वहीत चिकटवा, आणि दर महिन्याच्या शेवटी पानांचे फोटो काढून दुसऱ्या कोणाकडे तरी ठेवा.